जी… जिलेबी!

आमच्या सोसायटीची लिफ्ट अडकते ती नेमकी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, आणि तेही माझ्या हातात दळणाचा डबा असताना. गेल्या श्रावणात असंच झालं. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच, मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. खट्‌ असा आवाज झाला, दिवा गेला, पाच किलोचा डबा माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर उतरला आणि माझ्या तोंडून निघालं,

"जीझस ख्राईस्ट!"

अंधारात डब्याचं झाकण गोल गोल फिरून थांबलं. मग बाईंचा आवाज आला, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"त्याला कशाला बोलावलंस? वायरमनला फोन कर."

बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. बाई ख्रिस्ती आहेत हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. दिवाळीत आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात, नाताळात त्यांच्या आमच्याकडे येतात. सारण तेच, फक्त त्यांच्या जास्त खुसखुशीत. पण ठाऊक असणं वेगळं आणि अंगठा ठणकत असताना आठवणं वेगळं. मी शरमेने तोंडावर पदर घेतला. अंधारात त्याची काही गरज नव्हती.

"बाई, वाईट वाटलं का हो तुम्हाला?"

"मला कशाला? हाक मला थोडीच मारली होतीस?" मग जरा थांबून, "पण समज, हाकेसरशी तो आला असता, तर काम काय सांगणार होतीस? डबा उचलायचं?"

वायरमन यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात मला या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही.

माझं माहेर नाशिकच्या पंचवटीतलं. काळारामाच्या देवळामागे वाढलेल्या बाईच्या तोंडी संकटात जीझस यावा, हे माझ्या आजीने ऐकलं असतं तर तिने मला रामकुंडात तीनदा बुडवून काढलं असतं. आमच्याकडे 'अगं बाई', 'अरे देवा' आणि फार झालं तर 'मेलं' एवढ्यात सगळी संकटं आटोपायची. जीझस घरात आला तो कन्येमुळे. ती पुण्याच्या कंपनीची नोकरी गंगापूर रोडवरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावरून करते. नेट गेलं, जीझस. नेट आलं, जीझस. साहेबाचा मेसेज आला, जीझस आणि कपाळावर हात. वास्तविक तिची शाळा कॉन्व्हेंट. तिथे या उद्गाराला दंड होता. बहुधा म्हणूनच तिने तो शाळेत न वापरता सगळा साठा घरासाठी जपून ठेवला असावा. संध्याकाळी ती इंग्रजी मालिका लावते. त्यात एकजण दार उघडतो आणि जीझस म्हणतो, दुसरा दार लावतो आणि जीझस म्हणतो. मी शेजारी बसून गवार निवडते. तीन वर्षं गवार निवडता निवडता तो कानातून तोंडात कधी उतरला, कळलं नाही.

लिफ्टमधून सुटल्यावर मी घरात जाहीर केलं, आजपासून या घरात जीझस बंद. जो म्हणेल त्याने फ्रिजवरच्या बरणीत दहा रुपये टाकायचे.

कन्येने लगेच फोनमध्ये पाहून सांगितलं की ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडात १६०६ साली कायदाच झाला होता. रंगभूमीवर थट्टेत देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव घेतलं तर दहा पौंड दंड. "आणि आई, त्यातला अर्धा राजाला, अर्धा तक्रार करणाऱ्याला. म्हणजे तुझा एक जीझस मी पकडला की पाच रुपये माझे."

पहिल्या दिवशी ती साठ रुपयांनी बुडाली आणि माझ्यावर पाळत ठेवून पंधरा कमावले. आमचे हे मात्र पेपरमागे मजेत होते. दोघी मेल्या तरी यांना तोशीस नाही. मग पेपरमागून आवाज आला, "राम राम राम! काय चाललंय या महापालिकेत!"

कन्या म्हणाली, "बाबा, दहा रुपये."

"मी काय जीझस म्हटलं?"

"देवाचं नाव फुकट घेतलंत. जीझसला एक न्याय आणि रामाला दुसरा?"

हे धर्मनिरपेक्षतेचं तत्त्व आमच्या ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा दहा रुपयांना पडलं. आणि मग जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. माणूस सकाळी उठून पेपर वाचतो तो अख्खा रामनामातच. पहिल्या पानाला राम राम राम, तिसऱ्या पानाला अरे रामा, क्रिकेटच्या पानावर 'या टीममध्ये आता काही राम राहिला नाही'. पैसे संपले तसे वाद सुरू झाले. 'राम राहिला नाही' यात राम नाहीच असं म्हटलंय, मग दंड कसा? रामबाण औषधाचं काय? रामप्रहरी फिरायला गेलो असं सांगायचं नाही का? दारावर फळवाली 'रामफळ' म्हणून ओरडली तर बरणी तिच्यापुढे धरायची का? शेवटी कन्येने निवाडा दिला: हाक असेल तर दंड, नुसता शब्द असेल तर माफ. रामवाडी पुलावरून जाऊ का, असं रिक्षावाल्याने विचारलं तर माफ. पुलावर गर्दी पाहून 'रामा रे' म्हटलं तर दहा रुपये. नाशिकला राहून रामाला टाळायचं म्हणजे गोदावरीत उभं राहून पाय कोरडे ठेवायचे. इथे राम काळा आहे, गोरा आहे, कुंडात आहे, पुलावर आहे. आणि तोंडात तर इतका आहे की पाहुण्याला आल्याबरोबर रामराम, नोकरी सोडली की नोकरीला रामराम, आणि सगळंच आटोपलं की…

त्याच आठवड्यात फोन आला. आमच्या चुलत सासऱ्यांनी राम म्हटला.

"दहा रुपये कोण देणार?" कन्या पुटपुटली. मी डोळे वटारले. हे पेपरमागून म्हणाले, "त्यांनी म्हटला, त्यांनी द्यावेत," आणि मग स्वतःच इतके खजील झाले की उठून दहाची नोट बरणीत टाकून आले.

एव्हाना मी एक उपाय शोधला होता. इंग्रजांनी म्हणे नाव न घेता नाव घेण्याच्या पुष्कळ पळवाटा काढल्यात. गॉड म्हणायचं नाही म्हणून गॉश आणि गॉली, जीझसचा जीझ, ख्राईस्टचा क्रायकी. त्यांच्या ब्लायमीच्या पोटातही मूळ देवाच्या नावाने घेतलेली शपथच आहे. तोंड देवाच्या दारापर्यंत जाऊ द्यायचं आणि ऐन उंबऱ्यावर वळवायचं. मी ठरवलं, आपणही 'जी' म्हणून झाल्यावर गाडी वळवायची. 'जी… जीरं!' हे दोन दिवस चाललं. मिक्सरचं झाकण उडालं, जीरं! दूध नासलं, जीरं! पण शब्दात दम नव्हता. जीरं म्हणून काही मन मोकळं होत नाही. मग सापडली जिलेबी. तीन अक्षरं, शेवटी मस्त उघडा ईकार, रागात ताणता येतो. जिलेबीवर मी एक आठवडा सुखात काढला.

दशक्रियेला आम्ही रामकुंडावर गेलो. तिथे कावळ्यांना तोटा नाही आणि पिंडांनाही नाही, त्यामुळे कावळे फार निवडक झालेत. आमचा पिंड ठेवून पाऊण तास झाला. शेजारच्या तीन कुटुंबांचे कावळे शिवून गेले, ती मंडळी भजी खायलासुद्धा पोचली असतील. आमच्याकडे एक जण नुसता भिंतीवर बसून मान तिरकी करून पाहत होता. मग आपल्याकडे होतं तसं इच्छा शोधणं सुरू झालं. त्यांचा थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, नातीचं लग्न थाटात करू." कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, "मखमलाबादच्या जमिनीचं भांडण मिटवू." कावळ्याने मान फिरवली; त्याचाही विश्वास बसला नसावा. काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "माझी काळजी करू नका हो." गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. दर्भाचा कावळा करून टाकू, असं ते म्हणायला लागले, एवढ्यात भिंतीवरच्या शहाण्याने झेप घेतली ती पिंडावर नव्हे, माझ्या डोक्यावरून, पंख केसांना घासून.

"जी…!" मी किंचाळले. आणि ऐन उंबऱ्यावर वळवलं. "जिलेबी!"

सगळा घाट माझ्याकडे पाहायला लागला.

गुरुजी म्हणाले, "काय म्हणालात?"

"जिलेबी," मी खाली मान घालून म्हटलं. दुसरं सांगणार काय?

काकूंनी हंबरडा फोडला. "अगं, पंधरा वर्षं त्यांनी जिलेबी तोंडात धरली नव्हती गं! शुगरपायी डॉक्टरांनी तोडली होती!" धाकटा मोटारसायकलवर उडी मारून गेला आणि दहा मिनिटांत पाव किलो गरम जिलेबी घेऊन आला. जिलेबीचं एक कडं पिंडाला टेकवलं मात्र, कावळा असा उतरला की जणू ऑर्डर त्यानेच दिली होती. नुसता शिवला नाही; एक अख्खा वेढा घेऊन गेला.

"जीझस!" कन्या म्हणाली.

"अरे रामा!" हे म्हणाले.

नदीकाठी उभ्या उभ्या वीस रुपये जमले. काकू माझे दोन्ही हात धरून रडल्या. "तुलाच बरं कळलं गं त्यांच्या मनातलं." तेव्हापासून सासरच्या गोतावळ्यात मला दृष्टी आहे असं समजतात. मागच्या महिन्यात सिन्नरहून फोन आला होता, "वहिनी, दीड तास झाला, काय ठेवू?" मी म्हटलं, भजी ठेवून बघा. लागू पडलं.

या सगळ्याने माझं ब्लडप्रेशर वाढलं असणार, म्हणून बाई मला रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे केरळच्या सिस्टर होत्या. त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "एन्टे ईशोये!"

ईशो म्हणजे त्यांच्याकडचा येशू, हे बाईंनी सांगितलं. मी सवयीने म्हणून गेले, "सिस्टर, दहा रुपये."

सिस्टर बिघडल्या. ते तसलं नाही, म्हणाल्या. तुमचा आकडा एकशे सत्तर आला म्हणून मी त्याला बोलावलं, तुमच्यासाठी. ही प्रेयर आहे. नुसतं नाव वाया घालवायचं नाही, दुसऱ्या आज्ञेतच सांगितलंय.

"तिसऱ्या," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्या."

"बाई गं, मी चाळीस वर्षं रविवारची शाळा घेतलीय. तिसरी."

पट्टा माझ्या दंडावर तसाच फुगलेला. बोटं निळी पडायला लागल्यावर खुलासा झाला की दोघी बरोबर होत्या. सिस्टर कॅथलिक, बाई प्रॉटेस्टंट. आज्ञा दहाच, पण मोजायची रीत वेगळी, त्यामुळे एकीची दुसरी ती दुसरीची तिसरी. पुन्हा मोजलं तेव्हा माझा आकडा एकशे ऐंशी आला. या वेळी दोघी मिळून म्हणाल्या, "प्रभो!"

बाईंना या विषयाची मग गोडीच लागली. कन्येची एक मैत्रीण माँट्रियलला आहे. तिने कळवलं की तिकडच्या क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच लोकांच्या कडक शिव्या म्हणजे निव्वळ चर्चची भांडीकुंडी. प्रसादाची पेटी, पेला, प्रसादाची भाकर. गाडी घसरली की पेटी, बॉस ओरडला की पेला.

बाई हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात आल्या. "म्हणजे आपण रागावलो की 'पळी-पंचपात्र!' म्हणायचं?"

मी तो प्रयोग केला. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी चाळीस रुपये सांगितली तेव्हा "ताम्हण!" म्हणाले. त्याने ताबडतोब पस्तीसला दिली. त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

"पण बाई," कन्येने एकदा वकिली मुद्दा काढला, "तुम्ही तर येशू म्हणता, प्रभू म्हणता. जीझस तुमचा नाहीच. मग मी त्याला हवं ते म्हटलं तर तुमचं काय जातं?"

"पोरी, फोन इंग्रजीत लावला तरी लागतो तिकडेच," बाई म्हणाल्या.

त्या शरणपूरच्या. शरणपूर ही मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात वसवलेली वस्ती. गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलंसुद्धा तिथे शिकली, आणि संशोधक लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतून समुद्रापर्यंत ज्यांनी वाहून नेला त्यांच्यात तिथली मुलं होती, हे बाई दर नाताळात न चुकता सांगतात. त्यांच्या देवळात नारायण वामन टिळकांची भजनं होतात, टाळमृदंगासकट. लहानपणी आजी अंगणात भजन म्हणायची तेव्हा रस्त्यावरून जाणारे वारकरी थांबून ठेका धरायचे आणि येशूचं नाव आलं की जरा दचकून पुन्हा धरायचे, असं त्या सांगतात. गंगापूर रोडवर शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, द्राक्षमळ्यांकडे वाइन प्यायला. बाई गॅलरीत उभ्या राहून म्हणतात, "त्याने पाण्याचा द्राक्षारस केला तो एका लग्नापुरता. आपल्याकडे धरणाच्या काठी बघा, सीझनभर लग्नच चाललंय." म्हणजे थट्टेचं त्यांना वावडं नाही. त्यांची तक्रार एवढीच, की हाक मारायची आणि काम सांगायचं नाही. हे वर्गातल्या पोराने केलं असतं तरी त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

परवा त्यांना जलालपूरला जायचं होतं. आपल्या गंगापूर रोडच्याच बाजूला, गोदेकाठी. लक्ष्मीबाई टिळकांचा १८६८ सालचा जन्म तिथला. बाईंनी त्यांचं 'स्मृतिचित्रे' इतक्यांदा शिकवलं, पण ते गाव कधी उतरून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, चला, स्कूटरवर नेते. बाई मागे बसल्या आणि आनंदवलीपर्यंत मला गोष्ट सांगत आल्या. लक्ष्मीबाईंचे वडील कसे सोवळ्याने पछाडलेले, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येऊ देत नसत. आणि त्यांचेच जावई, म्हणजे ते भजनांचे नारायण वामन टिळक, १८९५ साली मुंबईला जाऊन ख्रिस्ती झाले. "विचार कर, त्या घरात काय झालं असेल!" मी विचार करत होते की त्या घरातून कोणते उद्गार निघाले असतील आणि त्याचे दहाच्या दराने किती होतील. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही त्याच वाटेने गेल्या, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरं केलं.

"नाव ऐकलंस? ख्रिस्तायन," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "रामायणाच्या वजनावर."

आमच्या रस्त्याचं एक वैशिष्ट्य आहे. रुंदीकरण झालं तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी सरकला, पण जुनी झाडं जागची हलली नाहीत. त्यामुळे काही झाडं भर रस्त्यात उभी आहेत, बुंध्याला चमकत्या पट्ट्या लावून, वाहतूक पोलिसासारखी. तशाच एका वडाच्या आडून एक मोटारसायकल उलट्या बाजूने आली. तिच्यावर तिघं, आणि मधल्याच्या मांडीवर गॅस सिलिंडर. मी दोन्ही ब्रेक दाबले. स्कूटर तिरकी झाली, वडाच्या पारंब्या माझ्या तोंडावर आल्या, आणि मी दातांनी ओठ चावून जीझस, जीरं, जिलेबी, ताम्हण सगळं गिळलं. एक अक्षर बाहेर पडू दिलं नाही.

माझ्या पाठीमागून, कानाशी, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला,

"अरे रामाऽऽ!"

मोटारसायकल निघून गेली. मी इंजिन बंद केलं. आम्ही दोघी वडाखाली तशाच बसलो होतो. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी काही बोलले नाही, मी शपथेवर सांगते. नुसता डावा हात मागे केला आणि तळवा उघडला.

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. बाईंनी दहाची नोट माझ्या हातावर ठेवली.

"सुट्टे आहेत, घे. आणि काम सांगायला वेळ मिळाला नाही, एवढं त्याला कळव."

महिनाअखेरीला बरणी मोजली. तक्रारदाराचे पैसे वजा जाता जीझसचे सहाशे ऐंशी निघाले. ते फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला जातील. रामाचे नऊशे वीस, ते काळारामाच्या पेटीत टाकून आलो. बाईंची दहाची नोट कोणत्या खात्यात धरायची यावर घरात एकमत होत नाही. ती फ्रिजवर, बरणीखाली दाबून ठेवली आहे.